परदेशात भाड्याचं घर: एजंट घ्यावा की नाही, त्याआधी तो कोणाचा ते विचारा

या महिन्यात परदेशात भाड्याने घर शोधणाऱ्यांची पत्रं खूप आलीत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि यावेळी फक्त घर. बहुतेकांनी एकच विचारलंय, एजंट घ्यावा की स्वतः शोधावं. माझं म्हणणं असं की त्याआधी हे विचारा की समोरचा एजंट नक्की कोणाचा आहे, घरमालकाने नेमलेला की तुम्ही नेमलेला? कारण तो ज्याचा असतो त्याचंच काम करतो, तुमच्याशी कितीही गोड बोलला तरी, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची फी कोणी भरायची हेही आता त्यावरच ठरतं.

प्रश्न: ताई, मला बर्लिनमध्ये नोकरी मिळालीये, दोन महिन्यांत जॉइन व्हायचंय, बायको आणि लहान मुलगी सोबत येणार. ऑनलाइन ढीगभर घरमालकांना मेसेज केले पण कोणी उत्तरच देत नाही. एक एजंट म्हणतोय की तीन महिन्यांच्या भाड्याइतकी फी आधी भरा, तुम्ही यायच्या आत घर पक्कं करून ठेवतो. भरू का?

उत्तर: नाही, अजिबात भरू नका. जर्मनीत १ जून २०१५ पासून नियम असा आहे की एजंटला ज्याने काम दिलं त्यानेच त्याची फी द्यायची, म्हणजे घरमालकाने भाडेकरू शोधायला नेमलेला एजंट तुमच्याकडून एक युरोही मागू शकत नाही. तुम्ही स्वतः लेखी सांगून त्याला फक्त तुमच्यासाठी घर शोधायला लावलंत तरच फी तुमच्याकडे येते, आणि तेव्हाही ती जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं अधिक व्हॅट एवढीच, तीही घराचं अ‍ॅग्रीमेंट झाल्यावर. आगाऊ फी घ्यायला परवानगीच नाही. म्हणजे हा माणूस दोन्हीकडून चुकीचं सांगतोय, रक्कमही जास्त आणि मागतोय पण आधी, अशा माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. हां, कंपनीच्या एचआरला मात्र जरूर विचारा, काही कंपन्या रिलोकेशनचं काम करणारी एजन्सी स्वतःच्या खर्चाने देतात, ती मिळत असेल तर लगेच घ्या.

आता उत्तर का येत नाही ते. बर्लिनमध्ये एका घरामागे इतके अर्ज येतात की जो माणूस अजून देशातच नाही, घर बघायला येऊ शकत नाही, त्याचा मेसेज मागे पडतो, त्यात तुमचा काही दोष नाही. म्हणून कायमचं घर इथे बसून मिळवायचा हट्ट सोडा आणि पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड घर घ्या, कोणी काही महिने बाहेर जातंय म्हणून त्याचं घर तेवढ्यापुरतं मिळतं तसं. फक्त ते घर पोटभाड्याचं असेल तर मूळ मालकाची परवानगी आहे ना ते बघा, आणि बुक करण्याआधी एक प्रश्न हमखास विचारा, इथे अनमेल्डुंग होईल ना? अनमेल्डुंग म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. ही नोंद झाली की टॅक्स आयडी येतो, तो नसेल तर पगारातून सगळ्यात चढा टॅक्स कापला जातो (नंतर परत मिळतो, पण नवीन देशात पहिल्याच महिन्यात हात आखडतो), आणि मुलीच्या डे-केअरचं वगैरेही पत्त्यावरच अडतं. नोंद होणार नाही असं सांगून स्वस्तात घर देणारे बरेच भेटतील, कुटुंब घेऊन जाताय तर त्या वाटेला जाऊ नका.

तिथे पोचल्यावर शोधताना नोकरीचं काँट्रॅक्ट, पासपोर्ट-व्हिसा, असतील त्या सॅलरी स्लिप आणि आपण कोण, किती जण, काय काम करतो असं चार ओळींचं पत्र, हे सगळं एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा आणि मेसेज जर्मनमध्ये लिहा, मोडकंतोडकं चालेल. शुफाचा रिपोर्ट सगळे मागतात, म्हणजे तिथली क्रेडिट हिस्टरी, तुमची नुकते आल्यामुळे नसणारच, तर ते सरळ सांगा आणि त्याऐवजी काँट्रॅक्ट दाखवा. जाहिरातीतला आकडा काल्टमीटे आहे का वार्ममीटे तेही बघा, पहिल्यात हीटिंग आणि सोसायटीचे खर्च धरलेले नसतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, एकदम मागितलं तरी. आणि घरात स्वयंपाकघर आहे ना ते विचारा, मी खरंच सांगतेय, तिथे बऱ्याच घरांत ओटा, सिंक, कपाटं काहीच नसतं, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो.

प्रश्न: मुलीला मँचेस्टरला मास्टर्ससाठी ॲडमिशन मिळालीये. तिने एक फ्लॅट शोधलाय, फोटो सुंदर, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा बरंच कमी. मालक म्हणतो तो सध्या कामासाठी दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं पाठवलं की किल्ल्या कुरिअर करतो. त्याने त्याच्या पासपोर्टचा फोटोही पाठवलाय. मध्ये एजंट नाही म्हणून पैसे वाचतील असं मुलगी म्हणते.

उत्तर: दादा, पैसे पाठवू नका. भाडं कमी, मालक परदेशात, घर दाखवायला कोणी नाही, किल्ली कुरिअरने, आणि न मागता पासपोर्टचा फोटो, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे आणि तो पासपोर्ट बहुतेक वेळा आधी फसवलेल्या दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. म्हणून मुलीलाही सांगा की तिने स्वतःचा पासपोर्ट त्याला पाठवायचा नाही.

तरी तिची खात्री पटत नसेल तर तिला दोन गोष्टी करायला लावा. घराचे फोटो गुगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून बघायचे, ते भलत्याच शहरातल्या हॉटेलचे निघतात कधीकधी. आणि त्याला म्हणायचं की कोणालाही त्या घरात पाठव आणि लाइव्ह व्हिडिओ कॉल कर, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको, कॉलवर आम्ही सांगू तेव्हा नळ उघडायचा, बॉयलर दाखवायचा, खिडकीतून समोरचा रस्ता दाखवायचा आणि मग बाहेर येऊन दारावरचा नंबर, आणि तोच रस्ता तुम्ही इकडे स्ट्रीट व्ह्यूवर उघडून जुळतोय का बघायचं. खरा मालक कुरकुर करेल पण काहीतरी सोय करेल, खोटा माणूस कारणं सांगत राहील आणि दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून घाई करेल. शिवाय इंग्लंडमध्ये घर कोणाच्या नावावर आहे ते लँड रजिस्ट्रीच्या सरकारी साइटवर थोडी फी भरून कोणालाही बघता येतं.

आणि एजंट नाही म्हणून पैसे वाचतील हे तर इंग्लंडमध्ये खरंच नाहीये. १ जून २०१९ पासून तिथे एजंटला भाडेकरूकडून फी घ्यायलाच बंदी आहे, ना अ‍ॅग्रीमेंटची फी, ना रेफरन्स चेकची. घर धरून ठेवायला फार तर एका आठवड्याचं भाडं घेता येतं आणि वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या वर नाही. हिशोब असा, महिना १,३०० पाउंड असेल तर वर्षाचे १५,६००, त्याला ५२ने भागलं की आठवड्याचे ३००, म्हणजे डिपॉझिट जास्तीत जास्त १,५००. हे डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं, अशा तीन योजना आहेत, आणि कुठल्या योजनेत ठेवलं ते मुलीला लेखी कळवावं लागतं. नाही ठेवलं तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पटीपर्यंत रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं, म्हणून घरात गेल्यावर महिनाभरात तो कागद मागून घ्यायचाच.

परदेशी विद्यार्थ्यांकडे तिथला जामीनदार नसतो म्हणून सहा-सहा महिन्यांचं भाडं आधी मागायची पद्धत होती, ते आता नव्या कायद्याने १ मे २०२६ पासून बंद, एका महिन्याच्या वर आगाऊ भाडं मागायचं नाही आणि जाहिरातीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त भाडं कबूल करून घ्यायचं नाही. फक्त मोठ्या स्टुडंट हॉस्टेलच्या इमारती बऱ्याचदा या कायद्याबाहेर असतात, तिथले नियम वेगळे वाचा. पण पहिल्या वर्षी मुलीने युनिव्हर्सिटीच्याच हॉस्टेलसाठी किंवा त्यांच्या हाउसिंग ऑफिसच्या यादीतल्या घरासाठी अर्ज करावा असं मला मनापासून वाटतं, थोडं महाग पडलं तरी. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, लागत नाही, पण घरात सगळेच विद्यार्थी असतील तरच, सोबत कोणी नोकरी करणारं राहत असेल तर घराला बिल येतं, तेही तिच्या कानावर घाला.

प्रश्न: सिंगापूरला दोन वर्षांसाठी जातोय. घर दाखवणारा एजंट म्हणतो मीच दोन्ही बाजूंचं बघतो, तुम्हाला वेगळा एजंट कशाला. आणि मध्येच नोकरी गेली तर दोन वर्षांच्या अ‍ॅग्रीमेंटचं काय?

उत्तर: एकाच व्यवहारात घरमालक आणि भाडेकरू दोघांचा एजंट व्हायला सिंगापूरमध्ये कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तो एक तर नियम मोडतोय किंवा मालकाचा एजंट असून तुम्हाला गोड बोलतोय. तिथे प्रत्येक एजंटची सीईए या सरकारी संस्थेकडे नोंदणी असते, त्यांच्या साइटवर त्याचा फोन नंबर टाकून बघा, नाव निघालं नाही तर विषय संपला. सिंगापूरमध्ये स्वतःचा वेगळा एजंट घ्यावा असं मी म्हणेन, विशेषतः पहिल्यांदा जाताय म्हणून, पण त्याची फी कोण देणार आणि किती हे घर बघायला निघण्याआधी लिहून घ्या, तिथे फीचा ठरलेला दर नाही, बोलणी करूनच ठरते.

नोकरीचा प्रश्न फार योग्य विचारलात. तिथे डिप्लोमॅटिक क्लॉज म्हणून एक कलम असतं, दोन वर्षांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये साधारणपणे पहिले बारा महिने झाल्यावर, नोकरी गेली किंवा बदली झाली तर दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. हे आपोआप मिळत नाही, मागून घालून घ्यावं लागतं, आणि नोकरी सुटल्याचं कंपनीचं पत्र लागतं. अ‍ॅग्रीमेंटवरची स्टॅम्प ड्यूटी भाडेकरूने भरायची असते, सही झाल्यापासून १४ दिवसांत, ती भरल्याशिवाय ते अ‍ॅग्रीमेंट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आणि खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी आणि सरकारी एचडीबी फ्लॅट सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही, तेव्हा 'पहिला एक महिना राहून बघा' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, त्यापेक्षा सर्व्हिस अपार्टमेंट बरं.

प्रश्न: न्यूयॉर्कमध्ये ब्रोकरला एक-एक महिन्याचं भाडं द्यावं लागतं असं ऐकलंय, खरंय का?

उत्तर: होतं तसं, कित्येकदा त्याहूनही जास्त. न्यूयॉर्क शहरात ११ जून २०२५ पासून घरमालकाने नेमलेल्या ब्रोकरची फी घरमालकानेच द्यायची असा नियम आलाय आणि ज्याने मालकाच्या परवानगीने जाहिरात टाकली तो मालकाचाच ब्रोकर धरला जातो. तुम्ही स्वतः नेमलात तर तुम्ही द्यायची. डिपॉझिट एका महिन्याच्या वर नाही, आणि बॅकग्राउंड चेकसाठी २० डॉलरच्या वर घेता येत नाहीत, गेल्या ३० दिवसांतला स्वतःचा रिपोर्ट दिलात तर तेही नाहीत. एवढं सगळं शहराचं आणि राज्याचं आहे बरं का, नदीपलीकडे न्यू जर्सीत घर बघत असाल तर तिथले नियम वेगळे.

प्रश्न: सिडनीत घर मिळालं, किल्ल्याही मिळाल्या. एजंटने कंडिशन रिपोर्ट नावाचा कागद दिलाय, त्यात प्रत्येक खोलीपुढे स्वच्छ, न मोडलेलं, चालू अशा खुणा करून ठेवल्यात आणि म्हणतो फक्त सही करून द्या. करू ना?

उत्तर: वाचल्याशिवाय करू नका, कारण घर सोडताना तुमचं डिपॉझिट, ज्याला तिथे बाँड म्हणतात, ते याच कागदावर ठरणार आहे. तो एजंट मालकाचा आहे, त्याने त्याच्या बाजूने खुणा केल्यात, तुमच्या खुणांसाठी शेजारी वेगळा रकाना आहे आणि तो भरून परत द्यायला न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, तुम्हाला सात दिवस असतात.

तेव्हा सामान लावण्याआधी, भरपूर उजेड असताना, कागद घेऊन एकेक खोली फिरा. भिंतीवर जुन्या खिळ्यांची भोकं, कार्पेटवरचा डाग, ओव्हनच्या आतली काच, बाथरूमच्या टाइलमधली काळी बुरशी, एक्झॉस्ट फॅन लागतो का, खिडकीची जाळी फाटलीये का, ब्लाइंड्स वर जाऊन अडकतात का, प्रत्येक किल्ली आपापल्या कुलपात फिरते का. जे दिसेल ते तुमच्या रकान्यात लिहा, 'बेडरूम २, खिडकीखाली कार्पेटवर तळहाताएवढा तपकिरी डाग' असं नेमकं, नुसतं 'डाग आहे' असं नको. प्रत्येकाचे दोन फोटो, एक जवळून आणि एक खोली ओळखू येईल असा लांबून, आणि ते सगळे रिपोर्टसोबत एजंटला ईमेल करा म्हणजे तारीख राहते. विजेच्या आणि गॅसच्या मीटरच्या आकड्याचाही फोटो घ्या.

बाँड चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसतो आणि तो एजंटच्या खिशात न राहता राज्य सरकारच्या रेंटल बाँड खात्यात जमा व्हावा लागतो, त्यांच्या ऑनलाइन सिस्टिमवर तुम्हालाही थेट भरता येतो, तसं झालंय का ते आत्ताच तपासा. सोडताना परत मिळवायचा अर्जही तुम्ही स्वतः करू शकता, एजंटची वाट बघायची गरज नसते, समोरच्याने १४ दिवसांत हरकत घेतली नाही तर पैसे तुमच्या खात्यात येतात, आणि हरकत घेतली तर असे वाद सोडवणाऱ्या ट्रायब्युनलपुढे हाच रिपोर्ट आणि हेच फोटो ठेवायचे असतात. सात दिवसांतले किती गेलेत ते तुम्ही लिहिलं नाहीये, तर हे वाचताय त्या दिवशीच भरायला घ्या, आणि भरलेल्या रिपोर्टची एक कॉपी स्वतःकडे ठेवून मगच परत द्या.