48 पानांची स्मरणिका स्वतः लावायची आहे. ब्लीड, गटर, फॉर्म म्हणजे काय आणि मांडणी कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात तुमच्या वस्तीतल्या वाचनालयाची 48 पानांची ए4 स्मरणिका दसऱ्याला काढायची आहे, कोरल (कोरलड्रॉ हे मांडणीचं सॉफ्टवेअर) थोडंफार येतं, पण प्रेसवाल्यांचे शब्द कळत नाहीत. काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने ते शब्द सांगतो. सुरुवात कागदापासून करा. नवी फाइल उघडायची घाई करू नका.

23×36 इंचाचा कागद छपाईत सर्रास वापरतात. ए4 पानाची उंची 11.69 इंच असते. अशी दोन पानं एकाखाली एक ठेवली की 23.38 इंच होतात, म्हणजे ती 23 मध्ये बसतच नाहीत. मग 25×36 चा कागद घ्यावा लागतो. त्याऐवजी पानाचा आकार 8.25×10.75 इंच ठेवा. मशीनची पकड, म्हणजे ग्रिपर, आणि कटिंग धरूनही 23×36 च्या एका बाजूला आठ पानं नीट बसतात, दोन्ही बाजूंना मिळून सोळा. एका शीटवर छापल्या जाणाऱ्या या पानांच्या गठ्ठ्याला फॉर्म किंवा फर्मा म्हणतात. तुमची 48 पानं म्हणजे बरोबर तीन फॉर्म. मशीन लहान असेल तर शीट अर्धी कापून छापतात, म्हणून प्रेसला आधी विचारून आकार पक्का करा आणि मगच फाइल उघडा. फॉर्ममध्ये पानं उलटसुलट लावणं, म्हणजे इम्पोझिशन, हे प्रेसचं काम. तुम्ही सुटी पानं 1 ते 48 अशा क्रमानेच द्या.

मध्ये पिन मारायची असेल तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत. अशा पिनिंगमध्ये आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा किंचित पुढे सरकतात. 48 पानांना हा फरक एक-दीड मिलिमीटरचा होतो आणि कटिंगमध्ये तेवढा भाग जातो. म्हणून पानाचा क्रमांक कडेपासून 3 मिलिमीटरवर ठेवू नका, 8-10 मिलिमीटर आत घ्या.

ब्लीड म्हणजे कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो कापायच्या रेषेच्या बाहेर 3 मिलिमीटर वाढवून ठेवणं. कटरचं पातं केसभर इकडेतिकडे होतंच. ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ दिसते. उलट बाजूने, कापायच्या रेषेच्या आत 5 मिलिमीटरपर्यंत महत्त्वाचा मजकूर येऊ देऊ नका. गटर हा शब्द दोन अर्थांनी वापरतात: दोन पानांमधली बांधणीकडची मोकळी जागा, आणि दोन कॉलममधली जागा. प्रेसवाले बोलतात तेव्हा बहुतेक पहिला अर्थ असतो. आतला समास 20, बाहेरचा 15, वरचा 15 आणि खालचा 20 मिलिमीटर ठेवा. दोन कॉलम असतील तर मध्ये 6 मिलिमीटर पुरतात.

आता मजकूर. मराठी पानं सगळ्यात जास्त इथेच बिघडतात, म्हणून जरा थांबून वाचा. अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. 72 पॉइंट म्हणजे एक इंच. एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंतचं अंतर म्हणजे लीडिंग. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप अक्षराच्या 120 टक्के धरलेलं असतं आणि ते रोमन लिपीसाठी ठीक आहे. देवनागरीत वरच्या ओळीतल्या ‘कुटुंब’चे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीतल्या ‘सर्वांगीण’चा रफार-अनुस्वार वर चढतो, त्यामुळे दोन ओळी एकमेकींना भिडतात. 12 पॉइंटच्या मजकुराला 17 किंवा 18 पॉइंट लीडिंग द्या. पानं वाढतील असं वाटलं तर अक्षर 11.5 करा, पण लीडिंग कापू नका.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, शून्यावरच ठेवा. एखादी ओळ बसत नाही म्हणून ते वाढवलं की शिरोरेषा तुटते. कमी केलं की काने एकमेकांवर चढतात. अरुंद कॉलम दोन्ही बाजूंनी जुळवलेला असेल तर मराठीतल्या लांबलचक सामासिक शब्दांमुळे ओळीत पांढरे खड्डे पडतात. तिथे मजकूर फक्त डावीकडे जुळवणं मला केव्हाही बरं वाटतं. ठळक करायचं असेल तर फॉन्टचं खरं बोल्ड वजन घ्या. सॉफ्टवेअरने फुगवलेलं बोल्ड वापरलं तर ‘ष’ आणि ‘ध’ची पोकळी भरून जाते. अधोरेखन टाळाच, ते उकारांना छेदतं.

लेख लोकांकडून येतील तेव्हा काही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील, काही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत. सगळे आधी युनिकोडमध्ये आणा आणि मगच पानात ओता. रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’मधला ऱ्या, ‘ॲ’, रफार, अवतरणचिन्हं आणि ह्रस्व वेलांटी एकेक करून तपासा, कारण चुका याच जागी होतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा. तरीही बदलले नाहीत तर त्या फॉन्टमध्ये मराठी वळण नाही असं समजा. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मजकुराला चांगला आहे, शीर्षकांना ‘मुक्ता’ची जाड वजनं घ्या. सगळ्या अंकात दोनच फॉन्ट पुरेत. पुढे इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरकडे वळलात तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटू शकतात.

मांडणीची तत्त्वं एका पानावर करून बघा. समजा वाचनालयाच्या कार्यक्रमांचे तीन फोटो आणि एक लेख आहे. प्रत्येक फोटोखालची माहितीची ओळ फोटोपासून 2-3 मिलिमीटरवर ठेवा आणि लेखाचा मजकूर तिच्यापासून 7-8 मिलिमीटर लांब, म्हणजे ओळ कोणाची हे विचारावं लागत नाही. फोटोची डावी कड कॉलमच्या कडेला अचूक लावा. शीर्षक 14 ठेवलं तर ते 12 च्या मजकुरात हरवतं. सरळ 26-28 करा. आणि पहिल्या लेखाला जे केलं तेच शेवटच्या लेखाला करा. त्यासाठी स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार आणि लीडिंगचा एकदाच साठवलेला संच, बनवून ठेवा, हाताने आकार देऊ नका. जाहिरातींची पानं वेगळी दिसणारच, पण त्यांचे अर्ध्या-पाव पानांचे चौकोन मजकुराच्याच समासात बसवा.

फोटो 300 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, हवेत, म्हणून 5 इंच रुंद छापायचा फोटो 1500 पिक्सेल रुंद लागतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. सगळे फोटो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांच्या पद्धतीत करा. काळा मजकूर मात्र फक्त के 100, म्हणजे निव्वळ काळ्या शाईत 100 टक्के हवा. आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीतून आलेला काळा चार रंगांत फुटतो, आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंग एकमेकांवर अचूक बसणं, जरा हललं की अक्षराला रंगीत सावली येते. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडांना लाटा येतात आणि नेमकं हेच घडतं. म्हणून रंगीत पार्श्वभूमीवर 8 पॉइंटची पांढरी बारीक अक्षरं देऊ नका, आणि कागदाचं वेष्टन छपाईच्या वेळीच फोडायला प्रेसला सांगा. मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद, शाई शोषतो, फोटो काळवंडतात. तिथे ते आधीच थोडे उजळ करून ठेवा.

दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि दिवाळी अंकही छपाईत असतात, म्हणून मशीनची तारीख आधीच ठरवा. पीडीएफ फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाइलच्या आतच घालून द्या. कोरलमधून मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, देणार असाल तर मूळ फाइल वेगळी जपा, कारण कर्व्ह केल्यावर वेलांटी दुरुस्त करता येत नाही. त्याआधी सगळी 48 पानं साध्या प्रिंटरवर काढा, कापून, पिन मारून डमी, म्हणजे नमुना प्रत, बनवा आणि ज्याने मांडणी केलेली नाही अशा माणसाला वाचायला द्या.