सल्लामसलत: अपघाताच्या दाव्यासाठी वकील धरताना

प्रश्न: गेल्या महिन्यात तुळजापूरहून सोलापूरला येताना तामलवाडीजवळ टेम्पो अचानक वळला आणि आमची कार त्यावर आदळली. कार चुलतदीर चालवत होते. माझे पती (वय ३८) शेजारी बसले होते, त्यांचा उजवा हात कोपरात मोडला, प्लेट बसवली आहे. ते यंत्रमागावर कामाला आहेत. टेम्पोवाला म्हणतो चूक कारची. दवाखान्यातच एक जण येऊन गेला. ‘पंचवीस टक्के द्या, बाकी वकीलसाहेब बघतील,’ म्हणतो, आणि कोऱ्या कागदांवर सह्या व दोन कोरे चेक मागतो. द्यावेत का? गुन्हा तामलवाडीत नोंदला आहे, मग दाव्यासाठी धाराशिवला हेलपाटे घालावे लागतील का?
— एक वाचक भगिनी, अशोक चौक

उत्तर: ताई, चेक देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नका. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या भरपाईत वाटा घेता येत नाही आणि माणसं पाठवून कामं गोळा करता येत नाहीत. टक्केवारी सर्रास चालते हे खरं, पण म्हणून ती कायदेशीर होत नाही. फी ठरावीक रकमेत ठरवा आणि टप्प्याटप्प्याने द्या: दावा दाखल होताना, साक्षीपुरावा सुरू होताना आणि निकालानंतर. टायपिंग, नकला, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च फीमध्ये आहे की वेगळा, हे त्याच कागदावर लिहून घ्या. दर वेळी पावती मागा.

धाराशिवला जायची गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यांपैकी कुठेही दावा लावता येतो. म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण तुम्हाला चालेल. मुदत मात्र सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावर न्यायालयांत वाद झाले आहेत, पण त्या वादात आपलं प्रकरण कशाला अडकवायचं? प्लास्टर निघेपर्यंत थांबू नका. अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो.

आता वकील कसा ओळखायचा. पहिल्या भेटीत तो ‘किती मिळतील’ हे सांगतो की कागद मागतो, ते बघा. कामाचा वकील एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांची आरसी आणि विमा पॉलिसी, दोन्ही चालकांचे परवाने मागेल. तुमचे पती कारमध्ये नुसते बसलेले होते, त्यामुळे चूक टेम्पोची, कारची की दोघांची हे भांडण त्यांच्या अंगावर येत नाही. दोघांची चूक निघाली तरी पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागता येते. म्हणून दोन्ही गाड्यांचे चालक, मालक आणि विमा कंपन्या यांना सामनेवाले करायला सांगा. इथे एक खाच आहे. कारची पॉलिसी पॅकेज (सर्वसमावेशक) असेल तर आत बसलेल्यांना संरक्षण मिळतं, नुसती थर्ड पार्टी असेल तर कारची विमा कंपनी हात वर करते. चुलतदिरांकडून पॉलिसीची प्रत आजच मागून घ्या. नात्यात ‘आपल्याच माणसावर केस कशी करायची’ असा संकोच होतो. पॉलिसी पॅकेज आणि चालू असेल, परवानाही वैध असेल, तर पैसे कंपनी भरते, दिरांचा खिसा रिकामा होत नाही.

दवाखान्याच्या दाखल कागदावर इजेचं कारण काय लिहिलंय, तेही वाचून घ्या. घाईत कोणीतरी ‘पडून मार’ लिहितं आणि पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद साक्षीत पुढे करतो. असं असेल तर डॉक्टरांना आताच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागा. मूळ कागदावर स्वतः काही खोडू नका. बिलं मूळ ठेवा, वकिलाला झेरॉक्स द्या आणि मूळ दिलीच तर यादीवर त्याची सही घ्या.

रकमेचा हिशोब कसा बसतो ते बघा. समजा कमाई महिना १५,००० आहे. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वय ३६ ते ४० साठी गुणक १५, म्हणजे वर्षाची कमाई १५ ने गुणायची. कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर ११,३४,००० रुपये. उपचाराचा खर्च, बुडालेला रोज, वेदना आणि व्याज यांशिवाय. यातले पंचवीस टक्के म्हणजे २,८३,५००, तेवढेच त्या दवाखान्यातल्या माणसाला हवे आहेत.

सगळी मदार त्या ३० टक्क्यांवर आहे. डॉक्टर दाखल्यात हाताचं अपंगत्व लिहितात, न्यायाधिकरण मात्र कमाईवर काय परिणाम झाला ते बघतं. मागावरचा तुटलेला धागा गाठायचा, शटलमधली कांडी बदलायची, हे कोपर न वळणाऱ्या हाताने कसं होणार, ही गोष्ट साक्षीत आली पाहिजे. नुसता दाखला फाइलला लावून भागत नाही, डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं. ‘डॉक्टरांची साक्ष घ्याल का?’ असं वकिलाला स्पष्ट विचारा. टाळाटाळ झाली तर दुसरा वकील बघा. पगारपत्रक नसेल तर हप्त्याची (आठवड्याच्या मजुरीची) वही, बँक पासबुक, पीएफचे कागद जमवा. मालकाची नुसती चिठ्ठी पुरत नाही, त्यांनी साक्षीला येणं महत्त्वाचं.

फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते, पण दावा पतींच्या नावाचा असल्याने त्यांची पात्रता तिथे विचारून घ्या.

प्रश्न: दोन वर्षं झाली, आमचे वकील ‘तारीख पडली’ एवढंच सांगतात. बदलायचं म्हटलं तर म्हणतात, आधी पैसे, मग फाइल.
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर: आधी तुमच्या दाव्याचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा असतो) मागा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स अॅपवर टाका. प्रत्येक तारखेला काय झालं ते तिथे दिसतं. कधीकधी चूक वकिलाची नसते, समन्सच बजावलेलं नसतं. वकीलच गैरहजर दिसले तर बदला. फीसाठी फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलं आहे. रितसर रस्ता म्हणजे जुन्या वकिलाची ना हरकत घेऊन नवं वकीलपत्र. ना हरकत देत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परवानगी मागा.

प्रश्न: लोकअदालतीत विमा कंपनी अपघाताचा दावा साडेतीन लाखांवर मिटवायचं म्हणते. वकील ‘घेऊन टाका’ म्हणतात.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: लोकअदालतीतली तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही. म्हणून वर दिलेला हिशोब कागदावर मांडून घ्या आणि साडेतीन लाखांत व्याज धरलं आहे का ते विचारा. प्लेट काढायचं ऑपरेशन बाकी असेल तर त्याचं अंदाजपत्रक डॉक्टरांकडून घेऊन तो आकडा आधी त्यात टाका. रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात जमा व्हावी असं तडजोडीच्या कागदावर लिहिलेलं हवं. फरक थोडा असेल तर आज हातात येणारे पैसे घेतलेले बरे. निम्म्याचा असेल तर सही करू नका, दावा पुढे चालू राहतो.