वाचकांचे प्रश्न : तापलेल्या वायूचा दाब वाढतो की आकारमान?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत विज्ञान शाखेत शिकते. चार्ल्सच्या नियमानुसार वायू तापवला की त्याचे आकारमान वाढते आणि बॉइलच्या नियमानुसार आकारमान वाढले की दाब कमी होतो. मग वायू तापवल्यावर त्याचा दाब कमी व्हायला हवा, असे तिचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात बंद डबा तापवला तर आतला दाब वाढतो. दोन्ही नियम खरे असतील तर हे कसे घडते? मला उत्तर देता आले नाही. (एक पालक, लातूर)

उत्तर : आपल्या मुलीने नियम पाठ केलेले नाहीत, ते एकमेकांशी ताडून पाहिले आहेत, आणि म्हणूनच तिला हा पेच पडला. पाठ्यपुस्तकात प्रत्येक नियमाच्या आरंभी ‘तापमान स्थिर असताना’ किंवा ‘दाब स्थिर असताना’ असे शब्द असतात. बहुतेक विद्यार्थी ते मंगलाचरणासारखे म्हणून टाकतात आणि मग नियमाकडे वळतात; वास्तविक नियमाचा निम्मा अर्थ त्या शब्दांतच असतो. हे शब्द कोठून आले, हे मूळ प्रयोगांकडे पाहिल्यास ध्यानात येते.

रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक वाकवलेली काचेची नळी होती. तिचा आखूड दांडा वरून बंद आणि लांब दांडा उघडा होता. उघड्या दांड्यातून पारा ओतत गेल्यावर बंद दांड्यात कोंडलेली हवा दबत जाई. आरंभी हवेने ४८ भाग व्यापलेले असताना तिच्यावर फक्त वातावरणाचा, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे २९ इंच उंचीइतका, दाब होता. हवा २४ भागांवर आली तेव्हा एकूण दाब ५९ इंचांच्या जवळ पोहोचला आणि १२ भागांवर आली तेव्हा ११७ इंचांच्या किंचित पुढे गेला. प्रत्येक वेळी दाब आणि आकारमान यांचा गुणाकार जवळजवळ तेवढाच राहिला. पारा हळूहळू ओतला जात असल्यामुळे दबताना हवेत निर्माण होणारी थोडीशी उष्णता काचेतून निघून जाई आणि हवा खोलीच्याच तापमानाला राहत असे. तापमान स्थिर असण्याची अट प्रयोगाच्या रचनेतच दडलेली होती; ती उघडपणे शब्दांत मांडण्याचे श्रेय फ्रान्सच्या एदम मारियॉत यांना दिले जाते.

चार्ल्सचा नियम वेगळ्याच वाटेने आला. १७८३ मध्ये पॅरिसहून हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेलेल्या जॅक चार्ल्स यांनी वायूंच्या प्रसरणावर प्रयोग केले, पण ते प्रसिद्ध केले नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी आपले मोजमाप छापताना चार्ल्स यांच्या कामाचा उल्लेख केला, म्हणून नियमाला चार्ल्स यांचे नाव मिळाले. शून्य अंश सेल्सिअसला १०० भाग असलेला वायू १०० अंशांना १३७.५ भाग होतो, असे गे-ल्युसॅक यांना आढळले; आजचा आकडा १३६.६ च्या जवळ आहे. या प्रयोगात वायूला पसरायला मोकळीक होती आणि त्याच्यावरचा दाब बाहेरच्या वातावरणाइतकाच राहिला होता.

आता मुलीचा युक्तिवाद पुन्हा पाहू. पहिल्या पायरीवर तिने वायू तापवला, म्हणजे तापमान बदलले. दुसऱ्या पायरीवर, त्याच बदलाला, तिने तापमान स्थिर असतानाच लागू पडणारा बॉइलचा नियम लावला. चूक तेवढीच आहे. दोन्ही नियम एकामागून एक, ज्याच्या त्याच्या अटीसह वापरले तर बंद डब्याचे उत्तर बरोबर मिळते. समजा, दट्ट्या बसवलेल्या नळकांड्यात २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्व्हिनला (केल्व्हिन मापात शून्य उणे २७३ अंशांवर असते), एक लिटर हवा आहे. दट्ट्या मोकळा ठेवून ती ८७ अंशांपर्यंत, म्हणजे ३६० केल्व्हिनपर्यंत तापवली, तर दाब तोच राहून आकारमान १.२ लिटर होईल. हे चार्ल्सचे काम झाले. आता तापमान ३६० केल्व्हिनलाच ठेवून दट्ट्या सावकाश दाबत हवा पुन्हा एका लिटरवर आणली, तर बॉइलच्या नियमाने दाब १.२ पट होईल. आरंभी एक लिटर आणि शेवटीही एक लिटर, म्हणजे हवा जणू बंद डब्यातच तापली, आणि तिचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढला. ज्या नियमामुळे दाब घटायला हवा असे मुलीला वाटत होते, त्याच नियमाने तो वाढल्याचे दाखवून दिले.

हे दोन नियम एकत्र आणून १८३४ मध्ये एमिल क्लापेरॉन यांनी जे समीकरण मांडले, त्याचा आशय असा : वायूचे वस्तुमान बदलत नसेल तर दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला निरपेक्ष, म्हणजे केल्व्हिनमधील, तापमानाने भागल्यावर येणारी संख्या बदलत नाही. ‘वस्तुमान बदलत नसेल तर’ ही अटही अशीच नजरेतून सुटते. दुपारी खिडकी उघडी असलेली खोली २४ अंशांवरून ३६ अंशांवर गेली, तर खोलीचे आकारमानही बदलत नाही आणि दाबही बदलत नाही. मग नियम मोडला का? नाही, हवाच बाहेर गेली. तीस घनमीटरच्या खोलीतील पस्तीसेक किलो हवेपैकी सुमारे १.४ किलो हवा कोणाच्या लक्षात न येता खिडकीतून निघून जाते.

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाने मोटारीने प्रवास करतो. सकाळी २७ अंश तापमानाला टायरमध्ये ३२ पीएसआय दाब असतो. दुपारी आतली हवा ६७ अंशांपर्यंत तापली तर तापमान अडीचपट होते, म्हणजे दाबही अडीचपट, जवळजवळ ८० पीएसआय होईल. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी भरावी, असे मला वाटते. नायट्रोजन भरल्यास दाब वाढत नाही, असेही सांगितले जाते. योग्य काय? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपल्या गणितात दोन चुका आहेत, त्यांतील पहिली फार मोठी आहे, आणि दुसरी लहान असली तरी जाणत्यांकडूनही होते. सेल्सिअसमधील शून्य हे पाण्याच्या गोठणबिंदूवर सोयीसाठी मानलेले शून्य आहे. त्या मापाने ६७ अंश हे २७ अंशांच्या अडीचपट गरम नसतात. वायूसाठी शून्य मोजायचे ते उणे २७३.१५ अंशांपासून. त्या मापाने २७ अंश म्हणजे ३०० केल्व्हिन आणि ६७ अंश म्हणजे ३४० केल्व्हिन. वाढ केवळ १३ टक्क्यांची आहे.

दुसरी चूक दाबाच्या मापातील आहे. हवा भरणाऱ्याचे मीटर वातावरणापेक्षा ‘जास्तीचा’ दाब दाखवते. पंक्चर झालेल्या टायरला मीटर शून्य दाखवते, पण त्यात वातावरणाचा १४.७ पीएसआय दाब असतोच. नियमाला हवा असतो तो एकूण दाब, म्हणजे ३२ अधिक १४.७, एकूण ४६.७. त्याला ३४० ने गुणून ३०० ने भागले की ५२.९ येतात. त्यातून १४.७ वजा केल्यावर मीटरवर ३८ च्या आसपास आकडा दिसेल. टायर किंचित फुगत असल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमीच असेल.

म्हणजे वाढ सुमारे सहा पीएसआयची, आणि सुस्थितीतला टायर एवढी वाढ सहज सोसतो. उलट हवा कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, त्या वाकण्याने रबर तापते आणि वेगात लांबचे अंतर कापताना याच उष्णतेने टायरचे थर सुटू लागतात. उन्हाळ्यात हवा कमी भरण्याचा सल्ला त्यामुळे धोक्याचाच आहे. निर्मात्याने सांगितलेला दाब हा थंड टायरचा असतो. तो सकाळी गाडी काढण्याआधी तपासावा आणि वाटेत टायर तापलेला असताना आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नये.

नायट्रोजनविषयी सांगायचे तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. वायूचा दाब त्यात किती रेणू आहेत यावर ठरतो, ते कोणत्या जातीचे आहेत यावर नाही. या विचाराचे मूळ आमेदेओ आव्होगाद्रो यांच्या १८११ च्या मांडणीत आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन यांचा दाब तापमानाबरोबर सारखाच वाढतो. फरक पडतो तो ओलाव्याने : कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर पाणी टायरमध्ये गेले असेल, तर तापल्यावर त्याची वाफ होऊन दाबात तिची भर पडते. नायट्रोजन कोरडा असतो, एवढाच त्याचा या बाबतीतला गुण. त्यासाठी पैसे मोजायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मोजत नाही.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. रिक्षाच्या सीएनजी टाकीवरचा काटा गॅस संपत जाईल तसा खाली येतो, मग घरच्या सिलिंडरला असा काटा का लावत नाहीत? शिवाय उन्हाळ्यात सीएनजी कमी भरला जातो असा आमचा अनुभव आहे. तो खरा आहे का? (एक रिक्षाचालक, पुणे)

उत्तर : दोन्हींना आपण ‘गॅस’ म्हणतो, परंतु घरच्या सिलिंडरमधील १४.२ किलो माल बहुतांशी द्रव असतो. सिलिंडर थोडा हलवून पाहिल्यास तो आत डचमळल्याचे जाणवते. त्या द्रवाच्या वर त्याचीच वाफ असते. शेगडीकडे थोडी वाफ गेली की तेवढाच द्रव उकळून तिची जागा भरून काढतो. म्हणून द्रवाचा शेवटचा थेंब शिल्लक असेपर्यंत, तापमान तेच असल्यास, दाबही तोच राहतो. येथे काटा लावला तर तो सिलिंडर भरलेला असताना आणि संपत आलेला असताना सारखाच आकडा दाखवील. महिनाभर निश्चिंत ठेवून ऐन पाहुण्यांच्या दिवशी एकदम शून्यावर जाईल. किती गॅस उरला हे कळण्याचे खात्रीचे साधन म्हणजे वजन. ओल्या फडक्याने सिलिंडर पुसून कोणता भाग उशिरा वाळतो हे पाहण्याची गृहिणींची युक्तीही शास्त्राला धरून आहे, कारण आत द्रव असलेला भाग सावकाश तापतो. प्रेशर कुकरचेही असेच आहे : आत पाणी असेपर्यंत वाफेचा दाब बॉइल किंवा चार्ल्स यांच्या नियमांनी नव्हे, तर पाण्याच्या त्या तापमानाच्या बाष्पदाबाने ठरतो.

सीएनजी मात्र खरोखर वायूच राहतो. त्याचा मुख्य घटक मिथेन आहे. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते आणि त्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्या वायूचा द्रव होत नाही, हे टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांतून दाखवले. त्या वायूच्या बाबतीत ही सीमा ३१ अंश आहे. मिथेनची सीमा उणे ८२ अंशांच्या जवळ, तर घरगुती गॅसमधील प्रोपेनची अधिक ९६ अंशांच्या पुढे आहे. त्यामुळे आपल्या हवामानात घरगुती गॅस थोड्या दाबाने द्रव होतो आणि मिथेन २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशेपट, दाबालाही वायूच राहतो. टाकीचे आकारमान ठरलेले असल्यामुळे वायू खर्च होईल तसा दाब उतरतो आणि काटा उपयोगाचा ठरतो.

तरीही इतक्या दाबाला पहिल्या उत्तरातले क्लापेरॉन यांचे समीकरण तंतोतंत लागू पडत नाही. मोटारीच्या ६० लिटर टाकीत २०० बार दाबाला आणि २७ अंशांना सुमारे ७.७ किलो मिथेन मावेल असे ते सांगते. प्रत्यक्षात नऊ किलोंच्या आसपास मावतो. एवढ्या दाटीत रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतो. रेणूंमधील हे आकर्षण आणि त्यांनी अडवलेली जागा हिशेबात धरून योहानेस व्हान डेर वाल्स यांनी १८७३ मध्ये समीकरण सुधारले, आणि त्या कामासाठी त्यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उन्हाळ्याचा आपला अनुभव बरोबर आहे. भरताना टाकीतला वायू दाबला जातो आणि त्यामुळे तापतो. सायकलच्या पंपाचे तोंड गरम होते, तसेच. बाहेर ऊन असेल तर त्यात भर पडते. तापलेला वायू कमी वस्तुमानातच २०० बारचा आकडा गाठतो आणि भरणे थांबते. रात्री टाकी निवल्यावर, रिक्षा जागची हलली नसली तरी, काटा थोडा खाली आलेला दिसतो. यात आपले पैशांचे नुकसान मात्र होत नाही, कारण सीएनजीची विक्री किलोवर होते. फक्त पुढची फेरी लवकर मारावी लागते.

प्रश्न : महाबळेश्वरला अर्धी प्यायलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली घट्ट बंद करून आम्ही आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो, तेव्हा ती चेपलेली आढळली. खाली तर उकाडा होता; मग आतली हवा फुगायला नको होती का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : उकाड्याने ती फुगू पाहत होती, पण बाहेरचा दाब वरचढ ठरला. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे हवेचा दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास असतो. खाली तो समुद्रसपाटीच्या दाबाच्या, म्हणजे १०१ किलोपास्कलच्या, जवळ जातो. वर २० आणि खाली ३२ अंश तापमान धरले, तर बाटली मुळीच न चेपता आतला दाब ८९.५ किलोपास्कलपर्यंतच चढला असता. बाहेरच्याहून तो कमीच आहे, म्हणून दोन्ही दाब सारखे होईपर्यंत आतली हवा आक्रसू पाहते. पूर्ण मोकळीक असती तर तिचे आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी घटले असते. बाटलीच्या भिंती थोडा विरोध करतात, म्हणून ती त्याहून कमी चेपते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो. झाकण सैल करताच बाहेरची हवा आत शिरल्याचा बारीक आवाज येतो, तो याच फरकामुळे.