पाठिंबा बाहेर, खाती आत : विश्वनाथ प्रताप सिंह मंत्रिमंडळाविषयी वाचकांचे प्रश्न

२ डिसेंबर १९८९ रोजी सत्तेवर आलेले विश्वनाथ प्रताप सिंह यांचे राष्ट्रीय आघाडी सरकार १० नोव्हेंबर १९९० रोजी पायउतार झाले. वर्षही पूर्ण न केलेल्या या सरकारच्या मंत्रिमंडळाची रचना कशी झाली, याविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : या मंत्रिमंडळात द्रमुक आणि आसाम गण परिषद यांचे मंत्री होते, परंतु लोकसभेत या पक्षांचा एकही खासदार नव्हता असे वाचले. उलट ज्यांच्या बळावर सरकार उभे होते, त्या भारतीय जनता पक्षाचा किंवा डाव्यांचा एकही मंत्री नव्हता. हे कसे घडले?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. नोव्हेंबर १९८९च्या निवडणुकीत काँग्रेसला १९७ जागा मिळाल्या. तो सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण त्याने सरकार बनवण्याचा दावा केला नाही. जनता दलाला १४३ जागा मिळाल्या. आघाडीतील त्याच्या मित्रपक्षांची अवस्था मात्र बिकट होती. तेलुगू देसमचे दोन खासदार निवडून आले, काँग्रेस (एस)चा एक आला, तमिळनाडूत सत्तेवर असूनही द्रमुकला एकही जागा मिळाली नाही, आणि आसाममध्ये तर त्या वेळी लोकसभेची निवडणूकच झाली नव्हती. म्हणजे आघाडीचे एकूण बळ दीडशेच्याही आत होते. बहुमताची उणीव भरून काढली ती भाजपच्या ८५ आणि डाव्या पक्षांच्या सुमारे पन्नास खासदारांनी (त्यांपैकी मार्क्सवादी ३३ आणि भाकपचे १२), आणि तीही बाहेरून. भाजप सरकारात असेल तर डावे पाठिंबा देणार नव्हते; डाव्यांना स्वतःलाही अल्पमतातील भागीदार म्हणून मंत्रिपदे नको होती. त्यामुळे दोघेही उंबरठ्याबाहेर राहिले.

मग मित्रपक्षांची वर्णी कशी लागली? राज्यसभेच्या वाटेने. मंत्री संसदेच्या कोणत्याही एका सभागृहाचा सदस्य असला की पुरते, आणि नसल्यास त्याला सहा महिन्यांची मुदत मिळते. द्रमुकचे मुरासोली मारन यांच्याकडे नगरविकास, आसाम गण परिषदेचे दिनेश गोस्वामी यांच्याकडे विधी व न्याय, आणि तेलुगू देसमचे पी. उपेंद्र यांच्याकडे माहिती व नभोवाणी तसेच संसदीय कामकाज ही खाती गेली. हे तिघेही राज्यसभेचे सदस्य होते. मित्रपक्षांच्या कॅबिनेट मंत्र्यांपैकी लोकसभेत बसणारे एकटे काँग्रेस (एस)चे के. पी. उन्नीकृष्णन होते, भूपृष्ठ वाहतूक आणि दूरसंचार ही खाती त्यांच्याकडे होती.

यावरून असे दिसते की, ही यादी निवडणुकीनंतरच्या संख्येवर नव्हे, तर निवडणुकीपूर्वी दिलेल्या शब्दावर बेतलेली होती. राष्ट्रीय आघाडी १९८८मध्ये उभी राहिली ती केंद्र-राज्य संबंधांचा प्रश्न पुढे करून, आणि तिचे अध्यक्षपद तेलुगू देसमच्या एन. टी. रामाराव यांच्याकडे होते. मतदारांनी या पक्षांना लोकसभेत पाठवले नाही म्हणून त्यांना वगळले असते, तर आघाडी हे नाव केवळ कागदावर उरले असते. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याची फळेही दिसली. आंतरराज्य परिषद घटनेत पहिल्यापासून होती, परंतु ती प्रत्यक्ष स्थापन झाली मे १९९०मध्ये. कावेरी पाणीवाटपासाठीचा लवाद त्यानंतर काही दिवसांतच नेमला गेला. उपेंद्र यांच्या काळात प्रसार भारतीचा कायदा संमत झाला (तो अमलात यायला मात्र १९९७ उजाडले). आणि निवडणूक सुधारणांची चर्चा आजही ज्या अहवालापासून सुरू होते, तो गोस्वामी समितीचा अहवाल याच वर्षातला आहे.

या रचनेचा तोटा मात्र मोठा होता. ज्यांच्या मतांवर सरकार टिकायचे, ते मंत्रिमंडळाच्या बैठकीत नसत. त्यांच्याशी सल्लामसलत व्हायची ती पंतप्रधानांबरोबरच्या साप्ताहिक भोजनाच्या वेळी. अशा भोजनात सौजन्य पुष्कळ असते, पण टिपणे, इतिवृत्त आणि सामूहिक जबाबदारी या मंत्रिमंडळाला बांधून ठेवणाऱ्या गोष्टी तेथे नसतात. ७ ऑगस्ट १९९० रोजी मंडल आयोगाच्या शिफारशींनुसार केंद्रीय नोकऱ्यांत २७ टक्के आरक्षणाची घोषणा झाली, तेव्हा आम्हाला विश्वासात घेतले नाही अशी तक्रार भाजप आणि डावे या दोघांनीही केली. निर्णयाबद्दलची त्यांची मते भिन्न होती. तक्रार मात्र एकच होती.

प्रश्न : बहुतेक मंत्री जनता दलाचेच होते. मग एकाच पक्षाच्या मंत्र्यांमध्ये इतके वाद का झाले?

उत्तर : कारण तो पक्षच जेमतेम वर्षभरापूर्वी, ऑक्टोबर १९८८मध्ये, जनता पक्ष, लोकदल आणि काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांचा जनमोर्चा यांची मोट बांधून तयार झाला होता, आणि खातेवाटपात ही सगळी मूळ घराणी स्पष्ट दिसतात. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्यांमध्ये स्वतः पंतप्रधान होते आणि संरक्षण खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. गृहखाते मुफ्ती महंमद सईद यांच्याकडे, वाणिज्य अरुण नेहरूंकडे, ऊर्जा व नागरी विमान वाहतूक आरिफ महंमद खान यांच्याकडे गेले. पूर्वाश्रमीचे काँग्रेसवाले इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री झाले. समाजवादी परंपरेतून मधु दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, शरद यादव वस्त्रोद्योग व अन्नप्रक्रिया मंत्री आणि रामविलास पासवान श्रम व कल्याण मंत्री झाले. लोकदलाच्या बाजूने देवीलाल उपपंतप्रधान व कृषिमंत्री, तर अजित सिंह उद्योगमंत्री.

या यादीत एक नाव नाही, आणि पुढच्या घडामोडींचे मूळ त्या अनुपस्थितीत आहे. १ डिसेंबरला संसदीय पक्षाच्या बैठकीत सिंह यांनी नेतेपदासाठी देवीलाल यांचे नाव सुचवले, चंद्रशेखर यांनी त्याला अनुमोदन दिले, आणि देवीलाल यांनी उभे राहून तो मान सिंह यांना देऊन टाकला. हा डाव चंद्रशेखर यांना ठाऊक नव्हता. त्यांनी नाराजी जागच्या जागी व्यक्त केली आणि ते मंत्रिमंडळाबाहेर राहिले. त्यांच्या निकटचे यशवंत सिन्हा शपथविधीसाठी राष्ट्रपती भवनात पोहोचले होते, पण आपल्याला केवळ राज्यमंत्रिपद दिले आहे हे कळल्यावर शपथ न घेताच परतले. ज्येष्ठ नेत्याला बाहेर ठेवायचे आणि त्याच्या माणसांना दुय्यम जागा द्यायच्या, ही चूक पुढे पक्षाला महागात पडली, असे मला वाटते.

भौगोलिक तोलही पाहण्यासारखा आहे. पंतप्रधान, अरुण नेहरू, अजित सिंह, आरिफ महंमद खान, शरद यादव हे सारे उत्तर प्रदेशातून निवडून आलेले होते. मुफ्ती काश्मीरचे असले तरी लोकसभेत त्यांना पाठवले होते मुजफ्फरनगरने. याच मुफ्तींच्या कन्येचे श्रीनगरमध्ये ८ डिसेंबरला अपहरण झाले आणि गुजराल व आरिफ महंमद खान या दोघांना वाटाघाटींसाठी तेथे धाडावे लागले. पुढे काश्मीरविषयक कामाची वेगळी जबाबदारी रेल्वेमंत्री फर्नांडिस यांच्यावर सोपवण्यात आली. एका प्रश्नाला इतके मंत्री लागावेत, यातून गृहखात्याच्या कारभाराविषयी जे समजायचे ते समजते.

प्रश्न : देवीलाल यांच्या शपथेवरून न्यायालयात वाद गेला होता का?

उत्तर : होय. घटनेच्या शपथेच्या मसुद्यात 'मंत्री' एवढाच शब्द आहे. देवीलाल मात्र राष्ट्रपती रामस्वामी व्यंकटरामन यांनी सांगूनही स्वतःला 'उपप्रधानमंत्री' म्हणत राहिले. शपथ अवैध ठरवावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात करण्यात आली. न्यायालयाने ती मान्य केली नाही. शपथेचा गाभा पाळला गेला आहे, उपपंतप्रधान हे केवळ वर्णन आहे, आणि त्या पदामुळे पंतप्रधानांचा कोणताही अधिकार त्या व्यक्तीकडे येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

कायद्याने काही फरक पडला नाही, राजकारणात मात्र पडला. देवीलाल यांचे पुत्र ओमप्रकाश चौताला जुलै १९९०मध्ये पुन्हा हरियाणाचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ अरुण नेहरू आणि आरिफ महंमद खान यांनी राजीनामे दिले. खुद्द पंतप्रधानांनीही पक्षाध्यक्षांकडे राजीनामा देऊ केला. चौतालांना काही दिवसांतच पद सोडावे लागले. त्यानंतर देवीलाल यांनी सहकारी मंत्र्यांवर जाहीर आरोप सुरू केले, आणि १ ऑगस्टला त्यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले. मंडलची घोषणा यानंतर सहाच दिवसांनी झाली.

प्रश्न : त्या वेळी मंत्र्यांच्या संख्येवर मर्यादा होती का?

उत्तर : नव्हती. लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा ९१व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे २००३मध्ये आली.

प्रश्न : या मंत्रिमंडळात महाराष्ट्राचे स्थान काय होते?

उत्तर : संख्येने लहान, वजनाने मोठे. राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी १९ मार्च १९९० रोजी अर्थसंकल्प मांडला. सोने नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा त्यांनी त्यात केली आणि सोनारांच्या मागचा जुना ससेमिरा सुटला. शेतकऱ्यांची १०,००० रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची योजनाही त्यांनाच पैशात बसवावी लागली. तिच्यामागे देवीलाल यांचा आग्रह होता, आणि तिजोरीची स्थिती पाहता अर्थमंत्र्यांना ती सुखाची गेली नसणार. शेतकरी संघटनेचे शरद जोशी मंत्री नव्हते, पण कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

मराठी वाचकाला या खातेवाटपाचा सर्वांत ठळक परिणाम दिसतो तो कोकण रेल्वेत. मंगळूरमध्ये जन्मलेले फर्नांडिस रेल्वे खात्यात, कोकणचे दंडवते अर्थ खात्यात, आणि कर्नाटकचे रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी, असा योग एका वेळी जुळून आला. (जनता सरकारात दंडवते स्वतः रेल्वेमंत्री होते, त्यामुळे हा विषय त्यांना नव्याने समजावण्याची गरज नव्हती.) रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून हा मार्ग होण्यासारखा नव्हता, म्हणून स्वतंत्र महामंडळ काढून त्यात केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवल घालायचे आणि उरलेला पैसा रोख्यांतून उभारायचा, असे ठरले. महामंडळाची नोंदणी जुलै १९९०मध्ये झाली, अध्यक्षपदी ई. श्रीधरन आले, आणि सप्टेंबरमध्ये रोह्याला कोनशिला बसली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत सरकार गेले, पण महामंडळ खात्याबाहेर उभे असल्यामुळे काम थांबले नाही आणि संपूर्ण मार्ग १९९८मध्ये खुला झाला.

प्रश्न : सरकार पडल्यावर यातील किती मंत्री पुढच्या सरकारात गेले?

उत्तर : फारच थोडे. अयोध्येतील राममंदिरासाठी रथयात्रा काढणारे भाजपचे नेते लालकृष्ण अडवाणी यांना २३ ऑक्टोबरला बिहारमधील समस्तीपूर येथे अटक झाल्यावर भाजपने पाठिंबा काढला, आणि ७ नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १४२, तर विरोधात ३४६ मते पडली. जनता दलातून फुटून साठ-पासष्ट खासदारांचा गट काढणारे चंद्रशेखर काँग्रेसच्या बाहेरील पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. ऑगस्टमध्ये काढलेले देवीलाल त्यांच्या मंत्रिमंडळात पुन्हा उपपंतप्रधान आणि कृषिमंत्री म्हणून परतले. मनेका गांधी व सुबोधकांत सहाय हे राज्यमंत्रीही त्यांच्याबरोबर गेले. राज्यमंत्रिपद नाकारून परतलेल्या यशवंत सिन्हा यांना अर्थखाते मिळाले. सिंह यांच्या कॅबिनेटमधील बहुतेक ज्येष्ठ मंत्री मात्र विरोधी बाकांवर बसले, आणि चंद्रशेखर यांनीही ६ मार्च १९९१ रोजी राजीनामा दिल्यावर सर्वांनाच पुन्हा मतदारांपुढे जावे लागले.