गोळी आणि काढा: ‘अर्धा तास अंतर’ नेमकं कुठे चालतं?

प्रश्न : थायरॉईडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी सकाळी घेते. अर्ध्या तासाने अश्वगंधा, मंडूर भस्म आणि केसांसाठी बायोटिन. टीएसएच (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) कधी वर, कधी खाली. असं का? (सांगली)

उत्तर : तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी घोळ घालतात.

मंडूर भस्म म्हणजे लोह. ते आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे तुमच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतं, गोळी नीट शोषली जात नाही आणि टीएसएच चढतं. इथे अंतर ठेवण्याचा उपयोग होतो, पण अर्ध्या तासाचं नव्हे, 4 तासांचं. शंखभस्म, प्रवाळ आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू. उठल्यावर साध्या पाण्याने गोळी, चहा-नाश्ता 30 ते 60 मिनिटांनी, भस्म दुपारच्या जेवणानंतर, एवढं जमवा.

अश्वगंधेला वेळेचा उपाय नाही. काही जणांत ती थायरॉईडची हार्मोन्सच वाढवते. त्यात गोळीची भर पडली की छातीत धडधड, हाताला थरथर, झोप उडणं सुरू होतं. ती रात्री घेतली तरी परिणाम तोच. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. थायरॉईडच्या गोळीवर असाल तर अश्वगंधा नकोच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बायोटिन थायरॉईडला काही करत नाही, ते तपासणीला फसवतं. केसांच्या गोळ्यांत ते बऱ्याचदा 5 ते 10 मिलिग्रॅम असतं. तेवढ्याने काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी आणि टी-4 (थायरॉईडचं हार्मोन) खोटं जास्त दिसतं. असा रिपोर्ट बघून गोळीचा डोस कमी झाला, तर नुकसान तुमचंच. रक्त देण्याआधी बायोटिन किमान 2 दिवस बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

अश्वगंधा बंद केल्याचं डॉक्टरांना कळवून टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी करा. लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्म्यावर यायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे घाईने तपासलं तर पैसे वाया. थायरॉईडची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : इथे फार्मसीत मन उदास असल्यास ‘योहानिसक्राउट’ देतात. ते सकाळी आणि गर्भनिरोधक गोळी रात्री, चालेल? (म्युनिक)

उत्तर : नाही. ही वनस्पती म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. तिच्यातलं हायपरफोरिन यकृताला औषधं फोडणारी एन्झाइम्स जास्त बनवायला लावतं आणि गोळीतली हार्मोन्स लवकर संपतात. क्षयाच्या रिफाम्पिसिनचाही त्रास हाच. पाळी नसताना डाग पडणं ही खूण, पण डाग नाहीत म्हणजे गोळी काम करतेय असं नाही. वनस्पती थांबवल्यावरही 28 दिवस निरोध वापरा. कॉपर-टी आणि हार्मोनची लूप यांना ही अडचण नाही. तातडीची गर्भनिरोधक लेव्होनॉरजेस्ट्रेल गोळीही अशा वेळी कमी पडते.

प्रश्न : दम्यासाठी प्रेडनिसोलोन चालू आहे. घशाला ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतो. पाय सुजलेत. (चिपळूण)

उत्तर : काढा आजच थांबवा. प्रेडनिसोलोन मात्र अचानक सोडू नका. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड) निकामी करणारं एन्झाइम अडवतं. मग मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं आणि पोटॅशियम घसरतं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचा परिणामही वाढू शकतो. ग्लिसिरायझिनची रोजची मर्यादा साधारण 100 मिलिग्रॅम मानतात. ज्येष्ठमधात ते 4 टक्के धरलं तरी 3 ग्रॅम चूर्णात 120 मिलिग्रॅम होतात. बीपी आणि पोटॅशियम लगेच तपासा. लघवी जास्त होणारी गोळी किंवा हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर आजच डॉक्टरांना गाठा. काढा बंद केल्यावरही परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. कधीतरी चघळलेल्या काडीची भीती नको.

प्रश्न : आई स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेनवर आहे. शतावरी कल्प, हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का? (नाशिक)

उत्तर : दोन्ही नकोत. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे परिणाम करू शकणारे घटक आहेत, आणि टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनलाच अडवायला दिलंय. हळदीची कॅप्सूल, विशेषतः मिऱ्यातल्या पिपेरिनसकट, टॅमॉक्सिफेनच्या शरीरात तयार होणाऱ्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या रूपाचं रक्तातलं प्रमाण कमी करते. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात ती घट सुमारे 12 टक्के निघाली. आमटी-भाजीतली हळद चालू द्या. चमचाभर पुडीत कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) शंभरेक मिलिग्रॅमच असतं, कॅप्सूलमध्ये त्याच्या कितीतरी पट.