एमएसनंतर ट्रॉमात राहून शिकवावं का?

तुम्ही विचारलंय, सर्जरीत एमएस झाल्यावर मेडिकल कॉलेजात ट्रॉमा सर्जन, म्हणजे अपघाती जखमांचा सर्जन, म्हणून राहावं की लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीची ऑपरेशनं) शिकून बाहेर पडावं; कारण तुमचे सर म्हणतात, ‘ट्रॉमा म्हणजे हमाली, त्यात शास्त्र नाही.’ हेच वाक्य मी २२ वर्षांपूर्वी माझ्या सरांकडून ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

मी मुंबईत लेक्चरर होते. आमच्या इमर्जन्सीच्या रात्री लोकलमधून पडलेला १९ वर्षांचा मुलगा आला. पोट उघडलं तर लिव्हर उजवीकडे खोल फाटलेलं. शिवायला घेतलं की टाक्याच्या भोकातूनही रक्त. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, ‘अंग गार पडलंय, ३४ च्या खाली गेलाय.’ अंग इतकं गार पडलं की रक्त गोठेनासं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी लिव्हरभोवती ५ मॉप (रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे) दाबून बसवले, सलाइनची निर्जंतुक पिशवी उभी कापून पोटावर शिवली आणि ४० मिनिटांत त्याला आयसीयूत हलवलं. ड्रेसिंगच्या पट्टीवर मार्करनं लिहिलं, ‘आत ५ मॉप’.

सकाळी राउंडला सर सगळ्यांसमोर कडाडले, ‘अगं, पोट उघडं टाकून बाहेर येतेस? हे कुणी शिकवलं तुला?’ मी फिलाडेल्फियाचा १९९३ चा ‘डॅमेज कंट्रोल’चा पेपर सांगितला: आधी फक्त रक्त थांबवायचं, बाकीची दुरुस्ती पेशंट सावरल्यावर. सर्वांत वाईट जखमांच्या गटात, अर्धवट थांबून परत उघडलेल्या १३ पैकी १० वाचले. एका बैठकीत सगळं उरकायला गेलेल्या ९ पैकी १. सर म्हणाले, ‘गोळ्या-सुऱ्यांच्या २२ पेशंटवर तू लोकलमधून पडलेल्याचं पोट उघडं ठेवतेस? आपले आकडे दाखव.’

आकडे नव्हते. ते मला आजही लागतं.

३६ तासांनी परत उघडलं. मॉप काढले, सिस्टरांनी मोठ्यानं मोजले, पाचही बाहेर. रक्त थांबलेलं होतं. सर त्यावर कधीच काही बोलले नाहीत. मी मात्र त्याच आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानातून लांब रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: जखम किती वाजता, कॅज्युअल्टीत किती वाजता, रक्ताचा फॉर्म कधी गेला, पिशवी कधी लागली. पहिला रकाना कायम रिकामा राहायचा. मग स्टेशन मास्तरांचा मेमो शोधायचा, नातेवाइकांना विचारायचं, पेशंटला आणणाऱ्या हमालाला विचारायचं.

२०१० मध्ये जखमींवरच्या क्रॅश-२ या औषधचाचणीचे निष्कर्ष आले. ४० देश, २०,००० वर पेशंट, भारतातलेही. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारख्या स्वस्त औषधानं मृत्यू कमी झाले. पुढच्या वर्षी कळलं, ३ तासांच्या आत दिलं तरच फायदा, नंतर दिलं तर उलट नुकसान. म्हणजे जखम किती वाजता झाली हाच रकाना! याला शास्त्र म्हणायचं नाही तर कशाला?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. ज्याला फक्त ऑपरेशनं करायचीत त्यानं ट्रॉमात येऊ नये. निम्मं काम मोजण्याचं आणि रेसिडेंटांना थांबायला शिकवण्याचं आहे, उरलेलं आयसीयूत. ट्रॉमातलं एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी) हवं असेल तर दिल्लीच्या एम्ससारख्या मोजक्या ठिकाणी आहे. पैसा बाहेरच जास्त, त्यात वाद नाही. शिवाय इमर्जन्सीच्या दिवशी फुटलेली अल्सरं आणि अडकलेले हर्निया तुमच्याच वाट्याला येणार. कॉलेज निवडताना एक रात्र कॅज्युअल्टीत बसा आणि त्यांचं रजिस्टर मागा. नसेल तर तिथे शिकवण्याचं नाव फक्त पगारपत्रकावर असतं.

एक राहिलं. वरचं वाचून प्रत्येक फाटलेल्या लिव्हरला मॉप लावू नका. पेशंट स्थिर असेल तर बहुतेक लिव्हर न उघडताच भरून येतं, आणि उघड्या पोटाचे इन्फेक्शन-हर्निया मी पुरेसे पाहिलेत. रात्री आयसीयूत बेड आणि रक्तपेढीत पिशव्या नसतील तर परत उघडण्याची भाषाच करू नका. आणि सरांबद्दल: लिव्हरवर हात नेमका कुठे दाबायचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.