आधी प्रश्न, मग प्रस्ताव

चि. मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. परदेशी निधीवर चालणाऱ्या तंबाखू नियंत्रणाच्या प्रकल्पात रुजू व्हावे की नाही, आणि झालेच तर सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून घर चालवणाऱ्या आपल्याच बायकांसमोर कोणत्या तोंडाने उभे राहावे, असे तू विचारतेस. परदेशी पैसा बाटलेला असतो, असे मी कधीच मानले नाही. मात्र देणगीदाराचा अर्ज उघडण्यापूर्वी आपली मागणी वहीत लिहिलेली असली पाहिजे. आधी प्रश्न, मग प्रस्ताव.

मी उलटे केले, म्हणून सांगते. एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्ध पैसा पुरवणारा आंतरराष्ट्रीय ‘ग्लोबल फंड’ 2002 मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी गेट्स फाउंडेशनने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंधाचा कार्यक्रम हाती घेतला. स्वयंसेवी संस्थांमध्ये त्या काळी एचआयव्हीशिवाय दुसरी भाषा नव्हती. आमच्या संस्थेत आम्हीही ती शिकलो. एका दुपारी माहितीपत्रके घेऊन मी एका घरी गेले. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू. बाईंनी बोटे न थांबवता माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘तुमचं झालं असंल तर आमच्या दवाखान्यात औषध का मिळंना, ते विचारता का?’’ अहवालात मी त्यांची नोंद ‘पोहोचलेली व्यक्ती’ अशी केली. औषधासाठी रकाना नव्हता.

तरीही त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही. 2004 मध्ये सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, त्यामागे रुग्णांच्या संघटनांचा रेटा होता आणि असा पैसाही होता. ही माझी सारवासारव वाटत असेल, तर वाटो.

सारवासारव जिथे चालत नाही, तो भाग वेगळाच आहे. विडी कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या 1976 च्या कायद्याने उभारलेल्या कल्याण निधीतून चालत आणि तो निधी विडीवरील उपकरातून येई. 2017 मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. त्या वेळी दिल्लीपर्यंत ओरडायला हवे होते. पण आमच्या त्या वर्षीच्या आराखड्यात विडी कामगार हा शब्दच नव्हता, आणि आराखड्यात नसलेल्या कामाला प्रवासखर्च मिळत नाही. आवाज असा बंद होतो, कोणाला तोंड दाबावे लागत नाही. उलट, सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरे झाली, 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या, ती मागणी युनियनने वर्षानुवर्षे मोर्चे काढून लावून धरली होती. त्यांच्याकडे प्रश्न आधी होता.

आणि पैशाचा भरवसा तरी काय? परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांच्या आधाराने जगणाऱ्या आपल्यासारख्या गावांतील छोट्या गटांचा श्वास तिथेच कोंडला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एका आदेशाने थांबवली. वहीतला प्रश्न मात्र असा थांबवता येत नाही. किती वेळा सांगू?

तेव्हा नोकरी घ्यायची असेल तर घे, पण रिकाम्या हाताने जाऊ नकोस. भारताने 2004 मध्ये मान्य केलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातील कलम 17 तंबाखूवर पोट असणाऱ्या कामगारांना परवडणारा पर्यायी रोजगार मिळवून देण्याबद्दल आहे. ते मराठीत उतरवून काढ, पूर्व भागातल्या चार बायकांना वाचून दाखव आणि त्या काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. मग मुलाखतीला जा आणि अंदाजपत्रकाच्या पानावर बोट ठेवून विचार, की या कलमासाठी रक्कम किती धरली आहे.

तुझी,
ताई